अक्काचा डावा हात

मला एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, बुडाखाली निखारा ठेवलाय. आणि कामही असं पत्करलं की, समोरच्या माणसाला जराही हलू द्यायचं नाही! जळगावच्या प्रयोगशाळेत मी ज्या सूक्ष्मदर्शकात सुधारणा करत होतो, ते उजेड टाकून आवाज ऐकायचं. लेझरचा क्षणभराचा झोत कातडीखालच्या रक्तावर पडला की रक्त किंचित तापून फुगतं आणि आपल्या कानाला न कळणारा आवाज निघतो. तो टिपून, कुठेही न कापता, रक्तवाहिन्यांचं चित्र काढायचं. पण चित्र पुरं होईपर्यंत माणूस हलायचाच आणि सगळं फिसकटायचं. झोत भरभर फिरवणारा नवा आरसा बसवून मी वेळ निम्म्यावर आणला होता. आता तरी स्वच्छ चित्र मिळालं नाही तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मित्र हात द्यायला कंटाळले होते. म्हणून अमळनेरजवळच्या खेड्यातून मावशीला बोलावलं. तिला सगळे अक्काच म्हणतात. तिच्या संमतीचा फॉर्म मीच घाईघाईने भरला. ‘अंगावर टॅटू आहे का?’ या प्रश्नापुढे तिला न विचारताच ‘नाही’ लिहिलं. टॅटू कॉलेजची पोरं दंडावर काढतात. अक्काला कुठला आलाय?

तिच्या डाव्या हातावर जेल लावलं, दोघांनी लेझरपासून डोळे वाचवणारे नारिंगी चष्मे चढवले. तिची बोटं जरा चुळबुळली की मी खेकसायचो, “अक्का, हलू नको!” आणि स्वतः खोलीभर येरझाऱ्या घालायचो.

पडद्यावर जाड, ठसठशीत रेषा उमटल्या. मला धीर कुठला? लगेच सरांना चित्र पाठवलं. त्यांचं ‘शाब्बास’ आलंसुद्धा.

अक्काने चष्मा काढून पडद्याकडे पाहिलं. “हाई तं मनं गोंदण शे.”

तिने हात पडद्याशेजारी धरला. त्याच रेषा, तेच ठिपके. आई, आजी, गल्लीतल्या साऱ्या बायका, सगळ्यांच्या हातांवर हे हिरवं गोंदण बघत मी वाढलो, म्हणूनच ते मला दिसत नव्हतं. त्यावर जेल मीच चोळलं होतं. गोंदणातली काजळी रक्ताहून जास्त उजेड शोषते आणि जास्त तापते, हे मी नव्या मुलांना शिकवतो.

“अक्का, दुखलं का गं काही?”

“बारीक बारीक चटका लागी ऱ्हायंतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तूच सांगं व्हतं ना भाऊ, हालू नको म्हनीसन.”

जेल पुसलं. खालची कातडी लाल झाली होती. मला स्वतःची शिसारी आली. तिचा हात नळाखाली धरला, ती “काई नही व्हत” म्हणत राहिली. मग सरांना फोन लावला. ते अभिनंदन करू लागले, त्यांना मध्येच तोडून म्हणालो, “सर, रक्तवाहिनी दिसलेली नाही. मी मावशीचा हात भाजलाय.”