साहेब यायचा दिवस

आमच्या गावची शाळा म्हणजे चावडीला लागून एक खोली आणि पुढं पडवी. मास्तर एकच. खोलीत आम्ही गावातली पोरं बसायचो आणि महारवाड्यातली पडवीत, तीही उन्हाच्या बाजूला. गुऱ्हाळं लागली की आमच्यातली निम्मी पोरं रसाच्या ओढीनं गायब व्हायची. पडवीतली मात्र रोज हजर.

त्या वर्षी तपासणीचा साहेब बजावून गेला, पुढच्या खेपेला पोरं कमी भरली तर शाळा उठवणार. माझा जीव टांगणीला लागला. वडील पलटणीत, घरात शब्द आईचा, आणि तिनं सांगूनच टाकलं होतं, "हितली शाळा उठली तर आष्ट्याला धाडायची न्हाई. चुलीपाशी बसायचं."

साहेब यायच्या दिवशी पाटलांनी चावडी सारवून घेतली, तोरण बांधलं. आणि साहेबापुढं सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून महारवाड्यात सांगावा धाडला, आज पोरं पाठवू नका. काय म्हणावं या अकलेला! मास्तरांना हे कळलं तोवर साहेबाचा टांगा वेशीत आला होता.

साहेबानं डोकी मोजली. पुन्हा मोजली. बाकीची कुठं आहेत म्हणून विचारलं. मी पाटी छातीशी धरून बसलेली. साहेब टोपी उचलायला लागला, तसे आमचे कधी मान वर न करणारे मास्तर पाटलांकडं वळले.

"पाटील, मुलं तुम्ही घरी बसवलीत. आता तुम्हीच आणा."

पाटलांचं तोंड काळंठिक्कर पडलं. पण शाळा गेली असती तर तालुक्यात नाक कापलं गेलं असतं. गेले, स्वतः गेले. बराच वेळ कुणी दिसेना. साहेब सारखा घड्याळ बघत होता. मग पोरं आली, धापा टाकत, आणि सवयीनं पडवीतच बसली. साहेबानं त्यांना आत बोलावलं. एक पोरगी माझ्याच तरटावर येऊन टेकली. पाटील आढ्याकडं बघत राहिले. पोरं भरली, शाळा राहिली. मला तिथंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर ती सगळी पुन्हा पडवीत. असा संताप आला मला, पण बोलायचं कुणाला? मधल्या सुट्टीत ती पोरगी दाराशी आली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली आणि हळूच म्हणाली,

"साहेब परत कवा यायचा गं?"