येते की जाते

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५. पांढुर्णा.
ऊन कडक. नळ आला नाही. हेमंत सकाळीच नागपूरला गेला. धनश्रीने माळ्यावरची पितळी भांडी काढली, घासायची राहिली. दुपारी सुनंदा आली. तिघींनी जुनी मालिका पाहिली. गजेंद्रचा फोन आला.

आधी तारीख, मग घडलेलं, मत लिहायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने लावलेली ही सवय अजून सुटलेली नाही. पण आज एवढं लिहून पेन ठेवलं तरी खुर्चीतून उठवेना.

सुनंदा शेजारच्या घरची मुलगी. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ती शाळेत होती. पुढे तिला मोहगावला दिली. नवरा पुंडलिकराव, संत्र्याचा बगीचा, घरात कशाला कमी नाही. मारहाण नाही, दारू नाही. मूलबाळ झालं नाही, त्यावरूनही कोणी टोचून बोललं नाही. फक्त तिची शिक्षाकर्मीची, म्हणजे सरकारी शाळेत कंत्राटी शिक्षिकेची, ऑर्डर आली तेव्हा पुंडलिकरावांनी ती वाचली आणि परत हातात दिली. म्हणाले, "आपल्या घरच्या बाया नोकरी नाही करत." सुनंदा चार दिवसांसाठी माहेरी आली आणि आमच्या ओट्यावर येरझारा घालत राहिली.

त्या वर्षी नागपूर केंद्रावर दर गुरुवारी एक मराठी मालिका लागायची. आमचं गाव मध्य प्रदेशात, एरवी भोपाळचे कार्यक्रम दिसत. गुरुवारी आमचे हे गच्चीवर चढून अँटेना नागपूरकडे फिरवत.

"आली का?" हे वरून ओरडत.

"आली, आली! हलवू नका!"

"आता?"

"गेली!"

मालिकेतल्या बाईचंही घरात नोकरीवरूनच बिनसलेलं. त्या गुरुवारी ती बॅग उचलून दारापर्यंत गेली, नवऱ्याकडे वळली आणि एकच शब्द बोलली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आवाजाची नुसती खरखर. सुनंदाने माझं मनगट धरलं. "जाते म्हणे, वहिनी! येते नाही म्हणाली!" मलाही तसंच ऐकू आलं होतं. आपल्यात घरातून निघताना बाई 'येते' म्हणते. 'जाते' म्हटलं म्हणजे परतीचा विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने मोहगावला जाऊन कपडे भरले. सासू दारात आडवी आली. "येतो म्हण वं बाई. जातो नाही म्हणत." आमच्या बोलीत बायकाही येतो, जातोच म्हणतात. सुनंदा म्हणाली, "जातो."

पुढच्याच आठवड्यात वानरांनी आमचा अँटेना वाकवला. तो दुरुस्त होईपर्यंत मालिका संपून गेली. शेवट ना मी पाहिला, ना तिने. तिला तेव्हा वेळही नव्हता. तिगावकडच्या शाळेत ती हजर झाली, वर्षानुवर्षं पॅसेंजरने ये-जा केली, माहेरच्या मागच्या दोन खोल्या पक्क्या बांधल्या आणि मागच्या वर्षी रिटायर झाली. कोणी डिवचलं की म्हणायची, "मी काय जगावेगळं केलं? टीव्हीतल्या बाईनं केलं, तेच."

गेल्या आठवड्यात पुंडलिकरावांचा पुतण्या गजेंद्र येऊन गेला. काकांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलता येतं, चालता येत नाही. "काकू, काका म्हणून राहिले का आता घरी या. घर तुमचंच आहे." सुनंदाने शनिवारी सांगते म्हणून त्याला लावून दिलं. तेव्हापासून ती कुठेच टिकत नव्हती. आमच्याकडे यायची, अर्धा चहा टाकून जायची, पुन्हा यायची. काल म्हणाली, "वहिनी, ते मालिका मोबाईलवर भेटते का हो? मले तेवढं दारातलं पाह्यचं आहे." त्या बाईकडून तिला पुन्हा एकदा बळ हवं होतं, हे मला कळत होतं.

माझ्या सुनेने, हेमंतच्या बायकोने धनश्रीने, मालिका शोधून मोठ्या टीव्हीवर लावली. "आई, किती हळू आहे हो ही! नुसता कप खाली ठेवायला पाच मिनिटं!"

"चूप बस वं," सुनंदा म्हणाली. स्वतः मात्र एका जागी बसत नव्हती. पडदा सारायची, पंखा कमी करायची, पुन्हा सोफ्याच्या कडेवर टेकायची.

दार आलं. आता बाईच्या पदराची किनारसुद्धा दिसत होती. ती वळली आणि स्पष्ट म्हणाली, "येते."

"मागं घे," सुनंदा म्हणाली.

"येते."

"आवाज वाढव."

"आत्या, गल्लीला ऐकू जाईल."

"जाऊ दे."

"येते."

पुढच्या भागात ती बाई भावाकडून परत आली, चहाचं आधण ठेवलं, सासरे हसले, मालिका संपली.

सुनंदा उठून अंगणात गेली, तशीच आत आली. "वहिनी, मंग मी कोणाच्या भरवशावर निघाली हो?"

धनश्री म्हणाली, "बरं झालं ना आत्या, आवाज नव्हता ते! नाही तर तुम्हीपण चहाच ठेवत बसल्या असत्या."

मी तिच्याकडे डोळे वटारले. पण सुनंदा विचारात पडली होती. "सासूनं तर मले मौका देल्ला होता," ती हळूच म्हणाली. "येतो म्हण, म्हणे. सामने उभी राहून म्हणे. माह्या तोंडातून नाही निघालं ते. हे तर काही टीव्हीतलं नव्हतं."

तेवढ्यात गजेंद्रचा फोन आला. ती फोन कानाला लावून खोलीभर फिरत बोलली. "नाही बाबू, राह्यले नाही येत मी... राग? राग काह्यचा? पाह्यले येतो ना. मंगळवारी येतो, संध्याकाळी वापस." मग थांबली. पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला असावा. तिने पदर सावरला. "हो. ऐकून राहिली," एवढंच म्हणाली, आणि शेवटी, "ठेवतो."

"पुंडलिकराव होते?" मी विचारलं.

"हो."

"रडत होते का गं?"

"नाही. शाळा कशी होती म्हणे तुही. पोरं किती होते वर्गात, म्हणे." ती खुर्चीत बसली आणि लगेच उठली. "आता विचारून राहिले, वहिनी. आता!"

मी तिला जेवायला थांबवून घेतलं. ताटावरूनही ती दोनदा उठली, एकदा पाण्यासाठी, एकदा कशासाठी ते तिलाच सांगता आलं नाही. ती गेल्यावर मी रोजनिशी घेऊन बसले, आणि आता उठण्याआधी खाली एक ओळ लिहिली:

सुनंदाने अर्धीच पोळी खाल्ली. उरलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवली.