नळीतलं तांबं

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण रायफल आहे. लातुरात आम्हाला ओळखणाऱ्यांना याचं अजूनही नवल वाटतं. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती आणि खांद्याला रायफल अशा थाटात अप्पा, म्हणजे माझे वडील, हिवाळ्यात नांदेडजवळच्या एका क्लबाच्या मैदानावर जातात आणि कागदावर गोळ्या झाडून येतात. परवाना शेताच्या राखणीसाठी काढलेला. पण रानडुकरांनी अर्धा हरभरा उकरला तरी अप्पांनी त्यांच्यावर कधी नेम धरला नाही. "त्याला बी प्वाट हाय," म्हणतात.

अप्पा सैन्यात होते, पण स्वयंपाकी म्हणून. जवानांच्या पोळ्या लाटून झाल्या की वार्षिक फायरिंगला हा माणूस आडवा पडायचा आणि भल्याभल्यांची जिरवायचा. या गोष्टी आम्ही इतक्यांदा ऐकल्यात की अव्वा, माझी आई, पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकते. त्या थापा मात्र नव्हत्या. रायफल नवी होती तेव्हा शंभर मीटरवरची त्यांची पाच भोकं एका वाटीखाली झाकली जायची, हे मी स्वतः पाहिलंय.

मग ती भोकं पांगायला लागली. आधी ताटाएवढी, नंतर परातीएवढी. गेल्या हिवाळ्यात तर दोन गोळ्या कागदाला शिवल्याच नाहीत. येताना अहमदपूरला चहाला थांबलो, तिथं बशीत बघत म्हणाले, "संपलं आता. हात कापायलाय, डोळ्याला दिसंना. परवाना जमा करून टाकतो."

मला राग आला. खरं तर भीती वाटली, पण माझ्याकडे भीती रागाचा वेश घेऊनच येते. म्हातारी माणसं आधी एक गोष्ट सोडतात, मग दुसरी, आणि मग खाटेवरून उठायचंही सोडतात, हे मी आमच्याच गल्लीत बघितलंय. धीर द्यायचा सोडून मी खेकसले, "आधी चष्मा बदला, मग रडा!"

चष्मा बदलला. पुढच्या खेपेला भोकं तितकीच पांगली, फक्त अप्पांना ती आता जास्त स्पष्ट दिसली. घरी येऊन त्यांनी परवाना परत करायचा अर्ज लिहिला.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी ते अंगणात रायफल खोलून बसले, शेवटचा तेलाचा हात फिरवायला. शेजारी अव्वा चिंच लावून तांब्याचं घंगाळ घासत होती. हात धुवायला उठताना तिनं सहज नळीच्या तोंडात डोकावलं.

"अहो, ह्याच्यात तर तांबं चढलंय."

"चढलं न्हाई, मुरलंय," अप्पा तोऱ्यात म्हणाले. "नवा तवा भाकर धरतो, जुना झाला की आपसूक सोडतो. नळीचं बी तसंच. ती चमक मी मुद्दाम ठिवलीय."

मी कपाळावर हात मारला. सैन्यात शस्त्रागाराचा माणूस डोक्यावर उभा राहून नळी साफ करून घ्यायचा, म्हणून तिथं निभावलं. घरी मात्र आमचे आचारी दहा वर्षं नुसता तेलाचा बोळा फिरवत होते, तोही हलक्या हातानं, मुरवण जाऊ नये म्हणून! गोळीवर तांब्याचं पातळ कवच असतं. ती घासत बाहेर पडताना थोडं तांबं नळीत ठेवून जाते. बारामागून बार थर चढत जातो, आतल्या पिळाच्या खाचा बुजतात आणि गोळी धड फिरत नाही, म्हणून भरकटते.

आणि मी कोण? शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवणारी बाई. तांब्याला अमोनिया भेटला की गडद निळा रंग येतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून पोरांना बजावणारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अव्वा चिंचेचा गोळा घेऊन तयारच होती. "अगं, पोलाद गंजेल," म्हणून तिला थांबवलं आणि अमोनियाची बाटली आणली. वासानं अव्वा नाकाला पदर लावून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. गजाला चिंधी लावून नळीतून काढली तर निळीशार! दुसरी निळी, तिसरी निळी. सातवी कुठं जरा पांढरी आली.

"एवढं आत व्हतं?" अप्पा पुटपुटले. नळी कोरडी करून तेल लावलं तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच. म्हणाले, "दहा वर्सांची मुरवण गेली की गं."

अर्ज आठवडाभर थांबवायला मी त्यांना कसंबसं राजी केलं आणि आम्ही नांदेड गाठलं. पहिली गोळी कागदाच्या पार कोपऱ्यात गेली. अप्पांनी रायफल खाली ठेवली. "साफ केलेल्या नळीच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या भरकटतात," मी सांगितलं. तसं नुसतं वाचलं होतं. त्यांनी आणखी दोन झाडल्या, नवा कागद लावला, मग मोजून पाच.

गोळीबार थांबल्यावर आम्ही दोघं कागदापाशी चालत गेलो. अप्पांनी भोकांवर पंजा ठेवला. चार झाकली गेली, एक करंगळीबाहेर राहिलं. पूर्वीसारखी वाटीत ती मावली नसती. मला उगाच लागलं ते, आणि मी घाईघाईनं म्हणाले, "अप्पा, अजून थोडं तांबं राहिलं असंल आत."

"न्हाई माय," ते पंजा तसाच ठेवून हसले. "हे एवढं म्हातारपण माझं हाय. बाकीचं तांब्याचं व्हतं."