ताटात टाकायचं नाही

सौदीत अल-खोबरला समुद्राच्या बाजूला एका गल्लीत, चष्म्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधे एक फ्रेंच हॉटेल आहे. सगळी मिळून सहा टेबलं. बाई स्वयंपाक करते, नवरा वाढतो आणि मुलगी कोपऱ्यात कॉलेजचा अभ्यास करता करता फोन घेते. बाई अस्सल फ्रेंच, नवरा लेबनानचा. आम्ही तिथे अकरा वर्षं जातोय. अकरा वर्षं म्हटल्यावर कुणालाही वाटेल की जेवण भलतंच छान असणार. तसं काही नाही.

एखाद्या दिवशी मासा असा येतो, की रत्नागिरीकडची माझी बायकोसुद्धा "ताजा आहे हो," म्हणते. तिच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मला लग्नाच्या पंचवीस वर्षांत मिळालेलं नाही. एखाद्या दिवशी मात्र सूप थंड, मटण वातड, आणि आत स्वयंपाकघरात नवराबायकोचं फ्रेंचमध्ये कडाक्याचं भांडण. मग नवरा लाल चेहऱ्याने बाहेर येतो, भलत्याच टेबलावर भलतीच डिश ठेवतो आणि "वेलकम" म्हणतो. एकदा आम्ही पाऊण तास नुसता पाव खात बसलो होतो. पाव मात्र कधी बिघडला नाही, हे सांगायला हवं.

तरी जायचो, कारण तसा रिवाजच पडला होता. माझा करार वर्षभराने वाढायचा, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत वाढायची, की त्या आठवड्यात फ्रेंच हॉटेल. पहिल्या वर्षी आमच्या मुलीने हट्ट केला म्हणून गेलो. पुढे मुलगी पुण्याला कॉलेजात गेली, रिवाज राहिला. पहिली काही वर्षं आम्ही खरोखरच आनंदाने जेवलो. नंतरच्या वर्षांचं मला नक्की सांगता येणार नाही.

त्या पहिल्याच वेळी मी एक घोळ करून ठेवला. बाईने कौतुकाने एक खास डिश पाठवली. कोबीच्या कोंबासारखी दिसणारी पांढरी भाजी, वर पांढरा सॉस आणि चीज. पहिल्या घासालाच जीभ गोळा झाली. इतकी कडू, की कारलं परवडलं. पण आमचे वडील शाळामास्तर, पानात टाकलेलं त्यांना खपत नसे. ताट लख्ख होईपर्यंत ते समोरून हलायचे नाहीत. मी पाण्याच्या घोटाबरोबर ती भाजी संपवली आणि सवयीने पावाने सॉससुद्धा पुसून घेतला. बाईने आतून ते ताट पाहिलं. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, इथले लोक ही भाजी अर्धी टाकतात, संपवणारे तुम्ही पहिले. मी म्हणालो, "व्हेरी नाइस."

झालं. तेव्हापासून मी दारात दिसलो, की ती भाजी शिजायला टाकायची. मेनूत नसली तरी माझ्यासाठी राखून ठेवलेली असायची, आणि दर वर्षी वाढप थोडं जास्तच. बायको म्हणायची, "अहो, एकदा सांगून टाका ना तिला. भीड भिकेची बहीण." मी म्हणायचो, जाऊ दे, वर्षातून एकदाच तर खायचीय.

गेल्या दिवाळीनंतर बायको एक दिवस शांतपणे म्हणाली, "या वर्षी बस. खलास." मी पहाटे पाचच्या बसने रास तनुराला कामावर जातो, संध्याकाळी सहाला येतो, जेवतो आणि सोफ्यावर झोपतो. मुलगी गेल्यापासून ती तेरा तास फ्लॅटमध्ये एकटी असते. शेजारणी एकेक करून गावी परतल्या. मी खूप थकलो आहे हे तिला दिसत होतं. ती थकली आहे हे मला दिसायला फार वेळ लागला, आणि याची मला लाज वाटते. मी तिला शब्द दिला. करार संपतोय, साहेबाला सांगतो की पुढे नको. तिने पुण्याच्या घराच्या पडद्यांची मापंसुद्धा मुलीकडून मागवून घेतली.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी म्हणालो, "उद्या दुपारी फ्रेंचकडे जाऊ या."

बायको भाजी निवडत होती. हात थांबला. "का?"

"सहज."

शुक्रवारी ती चांगली साडी नेसली.

हॉटेलात त्या दिवशी सगळं उत्तम होतं, हे आणखी एक. सूप वाफाळतं, मासा ताजा, आत भांडण नाही. मग बाई स्वतः ती भाजी घेऊन आली. आता तिचे गुडघे दुखतात, तरी आली. मी खायला लागलो.

"आज तरी सांगा तिला," बायको म्हणाली.

"तिला वाईट वाटेल गं."

"साहेबालाही वाईट वाटलं असतं का?"

मी घास गिळला. मग सांगितलं. बुधवारी साहेबाने बोलावलं, चहा मागवला, फक्त एकच वर्ष म्हणाला, तुझ्यासारखा भरवशाचा माणूस मी कुठून आणू म्हणाला. नाही म्हणायचं मी पाठ करून गेलो होतो. तोंड उघडलं आणि ओके म्हणालो. सही करून आलो.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त बघत राहिली. काय करावं ते न सुचून मी खात राहिलो, ती भाजी शेवटपर्यंत खाल्ली आणि पावाच्या तुकड्याने सॉस पुसून घेतला. तिचे डोळे भरून आलेले मला दिसत होते.

बाई आतून हसून हात हलवत होती. बायकोनेही तिला हात केला, मग पर्स जवळ ओढली.

"माझं एकटीचं तिकीट काढा," ती म्हणाली. "परतीचं नको."

नको जाऊस, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बरं."