आक्काचा वाकडा दात

कवळ्या बनवणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव गल्लीत विचाराल, तर लोक डोकं खाजवतील. ‘सेटकाका’ म्हणा, लगेच दुकान दाखवतील. अहो, माणसाला दुसरा शब्दच येत नाही! प्लॅस्टर घट्ट झालं की सेट, कवळी म्हणजे दातांचा सेट, मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही सेट, आणि नव्या चपला चावायच्या थांबल्या तरी सेट. बायको रुसली की शेजारी मुद्दाम विचारतात, "काय काका, घरी सेट ना?"

तर या काकांच्या आक्काचे, म्हणजे थोरल्या बहिणीचे, सगळे दात गेले. आईमागे तिनेच यांना वाढवलं. हसावं तर आक्कानंच, पण आता ती तोंडावर हात धरून बसायची. काकांचा जीव तुटायचा.

कवळी पक्की करण्याआधी मेणात दात बसवून गिऱ्हाइकाच्या तोंडात घालून बघायचे, हा काकांचा नियम. आक्काच्या वेळी मात्र स्वारी घाईत. "तिचं तोंड मला पाठ आहे," म्हणाले आणि थेट पक्कीच केली. वर एक उद्योग केला. आक्काचा समोरचा दात वाकडा होता, लहानपणी यांनीच डोक्यानं धडक मारून केलेला. ती सल साठ वर्षं मनात होती. तो दात त्यांनी मुद्दाम सरळ, देखणा बसवला.

आक्कानं कवळी घालून आरशात बघितलं.

"सेट?" काकांनी विचारलं.

"छान आहे रे," म्हणत तिनं कवळी काढून रुमालात गुंडाळली. चार दिवस ती तिथेच.

पाचव्या दिवशी काका भडकले. "टोचते का? दुखते का? बोल की!"

"टोचत नाही रे. पण आरशात ही कोण भवानी हसते, तेच कळत नाही. माझा वाकडा दात कुठाय?"

"अगं, तो माझ्यामुळे वाकडा झाला, म्हणून तर..."

"म्हणून तर हवाय! माझ्यापेक्षा तूच जास्त रडला होतास. तो दात दिसला की तू आठवायचास, गाढवा."

काका उठून दुकानात गेले. मेण तापवलं, दात नव्यानं लावले आणि समोरचा एक हलकेच तिरका केला. या वेळी मेणातच आक्काच्या तोंडात घालून बघितले. तिनं आरसा घेतला, दातांवरून जीभ फिरवली आणि तोंडावर हात न धरता खो खो हसत सुटली. काका चष्मा पुसत नुसते उभे.

"काय रे," आक्का म्हणाली, "आज विचारत नाहीस, सेट का म्हणून?"