सोळा नंबरचा शेवट

चहा येईपर्यंत माझ्याच तोंडून ऐकून घ्या, नाहीतर उद्या दुसरं कोणी तिखटमीठ लावून सांगेल. मी एका लेखकाच्या मुलीला, तिच्याच ऑफिसात बसून, तिचाच चहा पिऊन, ‘तुम्ही तुमच्या वडिलांची पुस्तकं नीट वाचलेली दिसत नाहीत’ असं सुनावून आलो आहे. वर आवाजही चढवला होता.

मी अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये इतिहास शिकवतो. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देतो: मूळ साधन स्वतः पाहिल्याशिवाय विधान करू नये. हे वाक्य जरा लक्षात असू द्या. माझ्या राहिलं नाही.

तर मेजर निरंजन. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिशात मावेल एवढी गुप्तहेर कादंबरी, दीडशेक पानं, मुखपृष्ठावर काळा गॉगल, पिस्तूल आणि मागे कशाचा तरी स्फोट. अशा एकूण सोळा निघाल्या. लिहिणारे गृहस्थ अकोल्याचे, जन्मभर पोस्टात नोकरी केलेले. स्वतः विमानात कधी बसले नाहीत, पण मेजरला बर्लिनपासून बैरूतपर्यंत फिरवून आणला. मेजरचा शत्रू प्रोफेसर त्रिशंकू, मदतीला ड्रायव्हर गंगाराम, आणि अधूनमधून शलाका, जी कोणाच्या बाजूची आहे हे तिचं तिलाही माहीत नसावं.

हे सगळं मी वाचलं अंजनगाव सुर्जीत, शामरावकाकाजींच्या वाचनालयातून. वाचनालय म्हणजे एक खोली, तीन फळ्या आणि काकाजी. तिथली एक पद्धत होती. मेजर निरंजनच्या एकाही पुस्तकाला शेवटची आठ पानं नसायची.

“बाइंडिंग कच्ची हाय यायची,” काकाजी सांगायचे. “पानं गयून जातात. म्हनून म्या काढूनच ठेवली पेटीत. तू वाचून वापस आन, शेवट मी सांगतो.”

पुस्तक परत केलं, वहीत आपल्या नावापुढे खूण झाली, की काकाजी डोळे मिटायचे आणि शेवट सांगायचे. सगळं तोंडपाठ. पुस्तक आणलं नाही तर शेवट नाही, मग तो तहसीलदार का असेना. त्यामुळे पुस्तक बुडवणं हा प्रकार आमच्या गावाला ठाऊकच नव्हता.

आणि शेवट तरी कसले एकेक! सातव्या नंबरात गंगारामची जीप शत्रूंनी चहूबाजूंनी घेरली, की पानं संपली. काकाजी सांगायचे, गंगारामनं उडी मारली, वाचला, सरकारनं खूश होऊन त्याला जमीन दिली, आता वरुडले संत्र्याचा बगीचा करून राह्यला. अकराव्यात मेजर आणि शलाका एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे. काकाजी सांगायचे, दोघांनीही पिस्तुलं खाली ठेवली आणि शलाका अकोटला मुलींच्या शाळेवर हेडमास्तरीण झाली. चौदाव्यात त्रिशंकू पेटलेल्या प्रयोगशाळेत अडकला. त्याला म्हणे पश्चात्ताप झाला, आता परतवाड्याला लोकांचे डोळे फुकट तपासतो.

तुम्ही हसताय. मला तेव्हा हसू आलं नाही. मला वाटायचं, लेखक आपल्या वऱ्हाडातला आहे, आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडत नाही. पुढच्या पुस्तकांत गंगाराम दिसायचा नाही, पण ते बरोबरच होतं. बगिच्याला पाणी कोण देणार?

सोळावा नंबर मी नेला तो अमरावतीला कॉलेजात यायच्या आदल्या दिवशी. वाचला एस.टी.त. परत करायचा राहिला. मग परत करायची लाज वाटू लागली. मग घरचेही अमरावतीला आले आणि गावच सुटलं. सोळाव्याचा शेवट मला कधी कळला नाही, पण पंधरा शेवटांचा अनुभव गाठीशी होता. सगळे सुखरूप घरी जातात, एवढं मला पक्कं माहीत होतं.

आता यंदाची गोष्ट. पेपरात छोटी जाहिरात आली. लेखक वारून बरीच वर्षं झालीत, त्यांच्या कन्या वसुधाताई अकोल्याला त्यांचं प्रकाशन चालवतात. त्यांना मेजर निरंजन पुढे चालू करायचा होता, नव्या लेखकाच्या हातून. पहिलं प्रकरण आणि कथेचा आराखडा पाठवा.

खरं सांगतो, आयुष्यात मला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं. माझ्या नावाचं एक पुस्तक, आणि तेही मेजर निरंजनचं. आठ दिवस क्लासला मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला लावल्या आणि मी मागच्या बाकावर बसून लिहिलं. मेजर अमरावतीत येतो. गंगाराम वरुडहून संत्र्यांची पेटी घेऊन भेटायला येतो. शलाका शाळेत रजा टाकून निघते. देशावर संकट असतं, म्हणून तिघंही परतवाड्याला त्रिशंकूचा सल्ला घ्यायला जातात. बाहेर पेशंटची रांग असल्यामुळे त्यांना बसावं लागतं. हा प्रसंग मला स्वतःला फार आवडला होता.

पंधरा दिवसांनी वसुधाताईंचा फोन. “सर, तुमचं धाडस आवडलं आपल्याला. येऊन भेटता काय?”

धाडस कुठलं, हे मी विचारलं नाही. शहाणा माणूस कौतुकाची चौकशी करत नाही. मी पेढे आणले.

“आधी भेटून तं या,” बायको म्हणाली. “मंग वाटा न पेढे.”

मी तिला म्हटलं, साहित्यातलं तुला कळत नाही. क्लासमध्ये दोन किलो पेढे वाटले. मग कपाटातून तो सोळावा नंबर काढला, अंजनगावच्या वाचनालयाचा शिक्का असलेला, आणि पहिल्या पानावर माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या अक्षरात लिहिलं: ‘वसुधाताईंना, मेजर निरंजन मालिकेच्या नव्या लेखकाकडून सप्रेम भेट.’ खाली सही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो. ऑफिस छोटं, स्वच्छ. काचेचं कपाट, त्यात सोळाही नंबर ओळीनं. वसुधाताई साठीच्या, शांत, चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. मी भेट दिली. मी त्यावर लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि चहा सांगितला.

“सर, बाकी सगळ्या लेखकांनी,” त्या म्हणाल्या, “मेजर दरीतून कसा वाचला, याच्यातच पहिलं प्रकरण घालवलं. कोणी झाडाला लटकवला, कोणी मासेमारांच्या जाळ्यात टाकला. तुम्ही दरीचं नावच नाही घेतलं. सरळ त्याला अमरावतीत चहा पाजला. म्हटलं, हा माणूस निधड्या छातीचा आहे.”

आता इथे मी गप्प राहिलो असतो, तर कदाचित आज लेखक असतो.

“दरी?” मी म्हणालो. “कुठली दरी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी दिलेलं पुस्तक उचललं आणि शेवटून उघडलं. “सर, याची शेवटची आठ पानं नाहीत.”

“नसतातच,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मेजर निरंजनच्या पुस्तकाला शेवटची पानं नसतात. बाइंडिंग कच्चं असतं.” आणि तुमच्या वडिलांच्या काळची गोष्ट आहे, तुमचा दोष नाही, असंही वर म्हणालो.

वसुधाताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “बरं. अन् गंगाराम? तो तर सातव्या नंबरात मेला न सर.”

इथे माझा आवाज चढला. गंगाराम मरेल? वरुडला बगीचा असताना? मी त्यांना समजावून सांगितलं. जमीन कोणी दिली, कशाबद्दल दिली, सगळं. त्या ऐकत होत्या. मग मी ते वाक्य बोललो. “ताई, रागावू नका, पण तुम्ही वडिलांची पुस्तकं नीट वाचलेली दिसत नाहीत.”

त्या उठल्या. कपाटातून सातवा नंबर काढला आणि शेवटची आठ पानं उघडून माझ्यासमोर ठेवली. मी पहिल्यांदाच ती पानं पाहत होतो. जीपला आग लागते. गंगाराम मेजरच्या मांडीवर डोकं ठेवतो. म्हणतो, ‘साहेब, क्लच जरा जड आहे, सांभाळून.’ आणि मरतो.

माणसानं थांबावं की नाही? मी म्हणालो, “ही नंतरची आवृत्ती असेल. कोणीतरी फेरफार केलाय.”

त्यांनी खालचा खण उघडला आणि वहीच समोर ठेवली. वडिलांच्या हातची, निळ्या शाईतली. त्यातही गंगाराम मेलेला. मग अकरा आणि चौदा नंबरच्या वह्या मी स्वतःच मागून घेतल्या. शलाकाला मेजर स्वतः गोळी घालतो. त्रिशंकू जळून मरतो, डोळे तपासायला कोणी उरत नाही. आणि सोळाव्यात खुद्द मेजर दरीत पडतो, नि मालिका संपते.

चाळीस वर्षं ज्या माणसांना मी सुखात समजत होतो, ती सगळी एका दुपारी माझ्यासमोर मेली. हसायचं तर हसा, पण मला गंगारामचं खरंच वाईट वाटलं.

“तुम्हाला हे वरुड, अकोट कोणी सांगितलं?” वसुधाताईंनी विचारलं.

मी काकाजींचं नाव सांगितलं. मूळ साधन म्हणून.

मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण त्या एकदम हसायलाच लागल्या. माझ्या प्रकरणातली परतवाड्याची रांग आठवून तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग शांत होऊन म्हणाल्या, “बाबांना फार पत्रं यायची, गंगारामला काहून मारलं म्हणून. शेवटी त्यांनाही चैन पडेना. परत आणायचा कसा ते त्यांना सुचलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “आहेत काय तुमचे काकाजी?”

काकाजी होते. पुढच्या रविवारी वसुधाताईंच्या गाडीतून आम्ही अंजनगावला गेलो. वाचनालय कधीचं बंद झालेलं, त्या खोलीत आता पुतण्याचं बियाण्यांचं दुकान. काकाजी दारातल्या खुर्चीवर, ऐंशी ओलांडलेले, नजर मात्र तीच.

“काहून बे पम्या,” त्यांनी मला लगेच ओळखलं. “एकदम मोठा मानूस झाला तू तं.”

मी इतके दिवस साठवलेला जाब तिथल्या तिथे विचारला. “काकाजी, गंगाराम मेला होता. तुम्ही खोटं काहून सांगितलं?”

काकाजींनी अजिबात लपवलं नाही. “सातवा नंबर आला तवा पयल्यांदा खराच शेवट होता पुस्तकात. सुताराचा महादेव वाचून इथंच बसून रडला. अन् आठवा नंबर नेयाले आलाच नाही. म्हने, गंगाराम नाही तं म्या कोनासाठी वाचू? मंग म्या इचार केला, लिवनाऱ्यानं एक मानूस मारला त्याच्यापायी म्या वाचनारे काहून मारू? काढली सगळ्याईची आठ आठ पानं.”

“पण डोळे तपासणं काकाजी?”

“तवा माह्या मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निंघालं होतं,” काकाजी म्हणाले. “तेच डोक्यात होतं.”

वसुधाताई खाली ओट्यावरच बसल्या. त्या कोण हे मी सांगितल्यावर काकाजी जरा वरमले. पण वसुधाताईंनी रागवायच्या ऐवजी विचारलं, “काकाजी, मेजर दरीत पडला, त्याचं पुढं काय झालं? तुम्ही लोकांना काय सांगत होता?”

काकाजींनी डोळे मिटले. पूर्वीसारखेच. मीही सवयीनं पुढे सरकलो. काकाजींनी एक डोळा उघडला.

“तू बाहीर थांब.”

“का?”

“सोळा नंबर वापस आनला नाही तुनं.”

वाचनालयाची वही कधीच रद्दीत गेली होती, पण काकाजींच्या डोक्यात माझ्या नावापुढची जागा कोरीच होती. वसुधाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि, तुम्हाला सांगतो, सरळ काकाजींजवळ सरकून बसल्या. मी रस्त्याच्या पलीकडे एका ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. पंधरा-वीस मिनिटं काकाजींचे हात हलताना दिसत होते. मध्ये एकदा वसुधाताईंनी कपाळाला हात लावला, मग टाळी वाजवली. आवाज काही येत नव्हता.

परतीच्या वाटेवर त्यांनी सांगून टाकलं. मेजर निरंजनचे नवे लेखक शामरावकाकाजी. पण काकाजींचा हात थरथरतो, म्हणून ते सांगतील आणि कोणीतरी लिहून घ्यावं लागेल. “तुम्ही घ्याल काय सर? तुमचं अक्षर चांगलं आहे, बघितलं मी.”

तर सध्या दर रविवारी मी अंजनगावला जातो. काकाजी सांगतात, मी लिहितो. गंगारामच्या बगिच्याला या वेळी चांगला बहर आलाय. पण पहिलं प्रकरण, ज्यात मेजर दरीतून वर येतो, ते वसुधाताईंनी त्या दिवशी ऐकलेलं आठवून स्वतःच लिहून काढलं. मी दुसऱ्यापासून आहे. काकाजींना विचारलं तर एकच उत्तर, “पुस्तक आन, शेवट सांगतो.”

शेवटी मागच्या आठवड्यात लाज गुंडाळून अकोल्याला गेलो आणि वसुधाताईंकडे माझा सोळा नंबर परत मागितला. त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. मधल्या फळीवर तो पहिलं पान उघडून उभा केलेला, माझं अक्षर आणि सही लांबून वाचता येईल असा.

“राहू द्या न सर,” त्या म्हणाल्या. “नवीन लेखक येतात, त्यांना दाखवायला बरा पडतो.”