दादाचा सिगार

माझा थोरला भाऊ जन्मभर जहाजांवर इंजिनिअर होता. घशाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्यावर एकदा मला म्हणाला, "एक चांगला सिगार आणून दे. ओढायचा नाही, नुसता हुंगायचाय."

मी कॅम्पातली दुकानं पालथी घातली. पानवाले हसायचे. "सिगार आता कोण ओढतं, साहेब?" शेवटी एका जुन्या वाइनच्या दुकानात मिळाला, काचेच्या नळीत जपून ठेवलेला.

दादाने तो नाकाशी धरला आणि बराच वेळ धरूनच राहिला. मग माझ्या हातात देत म्हणाला, "मला वासच येत नाही रे. तू सांग, कसा आहे?"

माणूस एकदम जात नसावा. आधी त्याचे वास जातात, मग चवी, आणि आपण मात्र उशाशी बसून तो सगळाच्या सगळा आहे असं धरून चालतो.

मी हुंगत सांगू लागलो, "सागवानी कपाट उघडल्यासारखा आहे. थोडा गुळासारखा. मागे जरा मिरी." तो डोळे मिटून ऐकत होता.

"आणि समुद्र?" त्याने विचारलं.

मी पुन्हा हुंगून पाहिलं. समुद्र कुठेच नव्हता.

"आहे," मी म्हणालो.